पर-सीपीयू काउंटर एक्स८६ वर बरोबर, आर्म६४ वर कमी: पाणी नेमके कुठे मुरते आहे?

तांबडी माती (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. नेटवर्क पॅकेटांची मोजदाद करणारे लिनक्सचे एक कर्नल मॉड्यूल (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, जोडला जाणारा भाग) माझ्याकडे देखभालीसाठी आले आहे. मूळ कोड एक्स८६-६४ सर्व्हरसाठी लिहिलेला असून तिथे तो अनेक वर्षे विनातक्रार चालत आहे. तोच कोड आता आर्म६४ बोर्डावर आणि पुढे रिस्क-व्ही बोर्डावर न्यायचा आहे.

रचना साधी आहे. अलोक_परसीपीयू वापरून प्रत्येक सीपीयूसाठी एक स्वतंत्र (पर-सीपीयू) स्ट्रक्ट, म्हणजे चलांचा गट, घेतलेले आहे आणि त्यात पॅकेट व बाइट असे दोन ६४-बिट काउंटर आहेत. ते दोन ठिकाणी वाढतात. पाठवण्याचा मार्ग प्रोसेस संदर्भात (एखाद्या प्रोग्रॅमच्या वतीने) चालतो, तर स्वीकारण्याचा मार्ग सॉफ्टआयआरक्यूमध्ये, म्हणजे इंटरप्ट (हार्डवेअरची मध्येच येणारी हाक) आल्यावर मागे ठेवलेले काम कर्नल उरकतो तिथे. दोन्हीकडे कोड तोच आहे: गेट_सीपीयू_पीटीआर ने आपल्या प्रतीचा पॉइंटर घ्यायचा, दोन्ही क्षेत्रे साध्या बेरजेने वाढवायची आणि पुट_सीपीयू_पीटीआर करून बाहेर पडायचे.

एक्स८६ वर बेरीज ट्रॅफिक जनरेटरच्या आकड्याशी तंतोतंत जुळते. आर्म६४ वर भार वाढला की ती थोडी कमी भरते. जास्त मात्र कधीच भरत नाही. आर्मचे मेमरी मॉडेल (मेमरीतले वाचणे-लिहिणे कोणत्या क्रमाने दिसेल याचे नियम) सैल असते हे ऐकून असल्यामुळे मी बॅरिअर (हा क्रम पक्का करणाऱ्या सूचना) घालून पाहिले, पण काडीचा फरक पडला नाही. गेट_सीपीयू_पीटीआर प्रीएम्प्शन (चालू काम मध्येच थांबवून दुसरे चालवणे) बंद करते आणि प्रत तर त्या सीपीयूच्या मालकीची असते. मग तिला दुसरे कोण हात लावते? आणि तोच कोड एक्स८६ वर कसा काय चालतो?

वडाची पारंबी

तुमच्या वर्णनातच उत्तर आहे. प्रतीला हात लावणारा दुसरा सीपीयू नाही, तोच सीपीयू आहे. फक्त इंटरप्टच्या वाटेने आलेला. प्रीएम्प्शन बंद केल्याने शेड्युलर तुमचे टास्क हलवत नाही, पण इंटरप्ट यायचे थांबत नाहीत. इंटरप्ट संपता संपता कर्नल प्रलंबित सॉफ्टआयआरक्यू चालवतो, म्हणजे पाठवण्याच्या मार्गाच्या ऐन मधोमध स्वीकारण्याचा मार्ग शिरू शकतो.

आता दोन्ही यंत्रांवर कंपायलर काय लिहितो ते डिसअसेंब्लीत (यंत्रसूचनांच्या यादीत) पाहा. एक्स८६-६४ वर काउंटर वाढवण्यासाठी पॉइंटर एका रजिस्टरमध्ये येतो आणि त्यानंतर थेट मेमरीवर काम करणारी एकच सूचना येते: त्या पत्त्यावरील आकड्यात एक मिळव. इंटरप्ट घेतला जातो तो दोन सूचनांच्या सीमेवर, त्यामुळे वाचणे, वाढवणे आणि लिहिणे यांच्या मध्ये त्याला शिरायला जागाच नसते. आर्म६४ ही लोड-स्टोअर रचना आहे. तिथे त्याच ओळीच्या तीन सूचना होतात: लोड, बेरीज, स्टोअर. लोडनंतर इंटरप्ट आला, सॉफ्टआयआरक्यूने तोच काउंटर वाढवून मेमरीत लिहिला आणि परत आल्यावर तुमच्या मार्गाने रजिस्टरमधला जुना आकडा एकने वाढवून त्यावर लिहिला, तर मधली वाढ गेलीच. म्हणूनच बेरीज कमी भरते आणि जास्त भरत नाही. रिस्क-व्हीवर तुम्हाला हेच दिसेल, कारण तिथेही साधी बेरीज तीनच सूचनांची होते.

बॅरिअरचा येथे काही उपयोग नव्हता. मेमरी मॉडेल कितीही सैल असले तरी एका सीपीयूला स्वतःचे लिहिणे प्रोग्रॅमच्या क्रमानेच दिसते. सैलपणाचा प्रश्न दुसऱ्या सीपीयूने पाहिल्यावर उभा राहतो.

एक्स८६ वर तो कोड बरोबर आहे असेही मी म्हणणार नाही. सी भाषेने तुम्हाला एका सूचनेचे वचन दिलेले नाही. कंपायलरला सोयीचे वाटले म्हणून त्याने तसे केले. उद्या वाढवलेला आकडा पुढच्याच ओळीत कुठे वापरलात, तर तोच कंपायलर तिथेही लोड आणि स्टोअर वेगळे करील.

उपाय सांगतो. काउंटर वाढवण्यासाठी पॉइंटर घेऊच नका. धिस_सीपीयू_इंक आणि धिस_सीपीयू_ॲड वापरा. ‘आपली प्रत शोधणे’ आणि ‘तिच्यात बदल करणे’ या दोन्ही गोष्टी मिळून प्रीएम्प्शन आणि इंटरप्ट या दोहोंपासून सुरक्षित राहतील, ही त्यांची हमी आहे. ती हमी कशी पाळायची हे प्रत्येक आर्किटेक्चर आपापल्या परीने ठरवते.

जुना खलाशी

एवढा खटाटोप कशासाठी? काउंटर ॲटॉमिक६४ (ज्यातली बेरीज मध्ये न तुटता अखंड होते असा प्रकार) करा आणि मोकळे व्हा. तिन्ही आर्किटेक्चरवर बरोबर चालेल, वाचणाऱ्याला समजेल, आणि डिसअसेंब्ली उघडण्याची वेळ येणार नाही. पर-सीपीयूचे हे मॅक्रो म्हणजे कर्नलमधला सर्वांत निसरडा भाग आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

वडाची पारंबी

तुम्ही कोणता ॲटॉमिक म्हणता यावर उत्तर अवलंबून आहे. सगळ्या सीपीयूंसाठी मिळून एकच ॲटॉमिक काउंटर म्हणत असाल तर माझा ठाम विरोध आहे. अशा काउंटरची कॅश लाइन (कॅशमध्ये एकत्र हलणारा मेमरीचा तुकडा) ज्याला लिहायचे आहे त्या सीपीयूकडे दरवेळी ओढून न्यावी लागते, आणि सीपीयू वाढतील तशी ही ओढाताण वाढते. पर-सीपीयू डेटाचा जन्मच ती टाळण्यासाठी झाला.

पूर्वी यासाठी कमाल सीपीयूसंख्येएवढे ॲरे असत आणि प्रत्येक घटक कॅश लाइनच्या सीमेवर बसवलेला असे. सीमेवर बसवला नाही तर शेजारच्या दोन सीपीयूंचे काउंटर एकाच लाइनमध्ये येऊन पुन्हा तीच ओढाताण सुरू होते. बसवला तर जागा वाया जाते. मोठ्या वितरणांच्या एक्स८६ कर्नलमध्ये कमाल संख्या ८१९२ ठेवलेली असते. ६४ बाइटच्या लाइनने गुणले तर एका आठ बाइटी काउंटरसाठी ५१२ किलोबाइट जातात, मग यंत्रात प्रत्यक्षात चारच सीपीयू का असेनात. शिवाय लाइनचा आकारही सगळीकडे सारखा नाही. पॉवरवर ती १२८ बाइटची आणि आयबीएमच्या मेनफ्रेमवर २५६ बाइटची आहे. पर-सीपीयू विभागात एका सीपीयूचे सगळे चल एकत्र बसतात. त्यामुळे लाइन भरून वापरली जाते, आणि ती जागा त्या सीपीयूच्या जवळच्या न्यूमा नोडवर, म्हणजे त्याला जवळ पडणाऱ्या मेमरीत, घेता येते.

पण प्रत्येक सीपीयूच्या प्रतीत ॲटॉमिक ठेवावा असे म्हणत असाल, तर तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. आर्म६४ वर धिस_सीपीयू_ॲड स्वतःच एक्सक्लुझिव्ह लोड-स्टोअरची जोडी किंवा आर्मव्ही८.१ पासून आलेल्या एलएसई ॲटॉमिक सूचना वापरते, त्यामुळे तिथे फरक फारसा पडणार नाही. एक्स८६ वर मात्र ॲटॉमिकला लॉक उपसर्ग (इतर सीपीयूंनाही रोखणारा) लागतो आणि धिस_सीपीयू_इंकला तो लागत नाही. स्वतःच्याच प्रतीसाठी लॉक उपसर्ग लावणे म्हणजे रिकाम्या घराला पहारेकरी नेमणे. रिस्क-व्हीवर तर चित्र उलटेही होऊ शकते, त्याविषयी पुढे लिहितो.

तांबडी माती

धिस_सीपीयू_इंक घालून पाहिले; आर्म६४ वर आकडे जुळले. मनापासून आभार. आता उत्सुकता वाढली आहे. एक्स८६ वर पॉइंटर न घेता एका सूचनेत आपली प्रत सापडते तरी कशी? आणि इतर आर्किटेक्चरना तेच का जमत नाही?

वडाची पारंबी

सगळी मेख इथेच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

लिनक्समध्ये पर-सीपीयू चल लिंकरच्या एका खास विभागात जातात. बूट होताना त्या विभागाची प्रत्येक संभाव्य सीपीयूसाठी एक प्रत केली जाते आणि प्रत्येक प्रत मूळ जागेपासून किती अंतरावर आहे ते एका ॲरेत नोंदवले जाते. चलाचा पत्ता अधिक या सीपीयूचे अंतर म्हणजे आपली प्रत. प्रश्न एवढाच उरतो की ‘या सीपीयूचे अंतर’ झटकन कुठून मिळवायचे.

एक्स८६-६४ वर ते जीएस सेगमेंटच्या बेसमध्ये (पत्त्यात मिळवायच्या आधार आकड्यात) असते. ३२-बिट एक्स८६ कर्नलमध्ये एफएस वापरतात. या रचनेत कोणत्याही मेमरी पत्त्याला सेगमेंटचा उपसर्ग लावता येतो आणि बेरीज हार्डवेअरच करते. म्हणून ‘जीएसच्या सापेक्ष अमुक पत्त्यावरील आकड्यात एक मिळव’ ही एकच सूचना होते. तिच्या आधी टास्क दुसऱ्या सीपीयूवर गेले तरी बिघडत नाही, कारण सूचना ज्या सीपीयूवर चालेल त्याचीच प्रत वाढेल. प्रीएम्प्शन बंद करायला नको आणि इंटरप्टही बंद करायला नकोत.

या सोयीची किंमत कर्नलच्या दारात मोजावी लागते. जीएस वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमलाही हवा असतो, त्यामुळे प्रवेश करताना स्वॅपजीएस ही सूचना देऊन बेस बदलावा लागतो. तो वापरकर्त्याकडून आल्यावरच बदलायचा. कर्नलमधूनच इंटरप्ट आला असेल तर बदलायचा नाही. खरी पंचाईत एनएमआयची (रोखता न येणाऱ्या इंटरप्टची) होते, कारण तो प्रवेश झाल्यावर पण स्वॅपजीएसच्या आधीही येऊ शकतो. जुन्या यंत्रांवर अशा वेळी बेस वाचून तो कर्नलच्या पत्त्यांत बसतो का हे पाहतात. लिनक्स ५.९ पासून एफएसजीएसबेस या, बेस थेट वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या सूचनांचा आधार आहे. त्या असतील तर बेस थेट नव्याने लिहितात. पण त्यासाठी आपण कोणत्या सीपीयूवर आहोत हे कळायला हवे, आणि ते सांगणारा पर-सीपीयू पॉइंटर तर अजून हातात नाही! म्हणून सीपीयूचा क्रमांक जीडीटीमधील (सेगमेंटांच्या तक्त्यातील) एका सेगमेंटच्या लिमिटमध्ये (कमाल मर्यादेच्या आकड्यात) दडवून ठेवलेला असतो. तो एलएसएल सूचनेने वाचतात आणि त्यावरून ॲरेतले अंतर काढतात. ऑगस्ट २०१९ मध्ये उघड झालेली स्वॅपजीएसची स्पेक्टर त्रुटीही याच दारातली: प्रोसेसर अंदाजाने पुढे धावताना स्वॅपजीएस गाळू शकतो आणि वापरकर्त्याच्या बेसने कर्नलचे पत्ते काढू शकतो.

आर्म६४ वर ही दाराची कटकट नाही. अंतर टीपीआयडीआर_ईएल१ या सिस्टम रजिस्टरमध्ये असते आणि वापरकर्त्याला त्याच्या पातळीचे वेगळे रजिस्टर मिळते, त्यामुळे अदलाबदल करावीच लागत नाही. कर्नल ईएल२ या (हायपरवायझरच्या) अधिकारपातळीवर चालत असेल तर बूटच्या वेळी सूचना पॅच होऊन टीपीआयडीआर_ईएल२ वापरले जाते. पण हे सिस्टम रजिस्टर मेमरीच्या पत्त्यात थेट घालता येत नाही. आधी ते साध्या रजिस्टरमध्ये वाचायचे, मग बेरीज करायची, मग मेमरीला हात लावायचा. या पायऱ्यांच्या मध्ये टास्क दुसरीकडे गेले तर आपण परक्या प्रतीवर लिहू. म्हणून तिथे धिस_सीपीयू_ॲड आत प्रीएम्प्शन बंद करून ॲटॉमिक सूचना वापरते: प्रीएम्प्शन बंद असल्याने टास्क हलत नाही आणि ॲटॉमिकमुळे इंटरप्टचा प्रश्न मिटतो.

आर्म६४ चा हा पर-सीपीयू कोड ज्या फाइलमध्ये आहे तिच्यात एक गंमत आहे. अंतर वाचणारी असेंब्ली व्होलटाइल ठेवली तर कंपायलर एकदा वाचलेला आकडा पुन्हा वापरू शकत नाही. न ठेवली तर तो बॅरिअर ओलांडूनही जुना आकडा वापरील. म्हणून स्टॅकवरील एक खोटे वाचन त्या असेंब्लीला इनपुट म्हणून दिलेले आहे. त्यामुळे कंपायलरच्या बॅरिअरपलीकडे आकडा पुन्हा वाचला जातो आणि बॅरिअरच्या अलीकडे आधी वाचलेलाच वापरता येतो. असा कोड लिहिणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते आणि त्याच वेळी त्याची कीवही येते.

शून्य पत्ता

मेनफ्रेमवाल्यांच्या वतीने दोन शब्द. एस३९० वर हा प्रश्न हार्डवेअरनेच अर्धा सोडवलेला आहे. तिथे प्रत्येक सीपीयूला एक प्रीफिक्स रजिस्टर असते आणि शून्य पत्त्यापासूनचे पहिले ८ किलोबाइट त्या रजिस्टरने सांगितलेल्या जागी वळवले जातात. म्हणजे सगळे सीपीयू शून्य पत्ता म्हणतात आणि प्रत्येकाला आपली वेगळी जागा मिळते. इंटरप्ट आल्यावर जुनी अवस्था हार्डवेअर स्वतःच तिथे लिहून ठेवते. या भागाला लोकोअर म्हणतात आणि पर-सीपीयू अंतरही त्यातच ठेवलेले असते. झेड१९६ पासून मेमरीतील आकड्यात थेट ॲटॉमिक बेरीज करणाऱ्या सूचना आहेत, आणि उणे १२८ ते १२७ यांमधला स्थिरांक मिळवायचा असेल तर त्यासाठी आणखी आखूड सूचना आहे. पत्ता काढणे आणि बेरीज यांच्या मध्ये टास्क हलू नये म्हणून प्रीएम्प्शन मात्र तिथेही बंद करावेच लागते.

वडाची पारंबी

छान भर घातलीत. उरलेल्यांविषयी थोडक्यात. ६४-बिट पॉवरपीसीवर आर१३ रजिस्टर पाका नावाच्या पर-सीपीयू स्ट्रक्टकडे बोट दाखवते आणि अंतर त्यात असते. स्पार्क६४ वर जी५ आणि लूंगआर्चवर आर२१ ही रजिस्टरे अंतरासाठीच राखून ठेवलेली आहेत; सरळ आणि स्वच्छ पद्धत, फक्त कंपायलरच्या हातातले एक रजिस्टर कमी होते.

आयटेनियमची पद्धत सर्वांत वेगळी होती. सगळ्या सीपीयूंवर पर-सीपीयू भागाचा आभासी पत्ता एकच असे आणि प्रत्येकाच्या टीएलबीत (आभासी पत्त्यांचे भौतिक पत्ते लक्षात ठेवणाऱ्या कॅशमध्ये) खिळवलेली नोंद त्याला वेगळ्या भौतिक पानाकडे नेत असे. अंतराची बेरीजच नको. पण तो पत्ता दुसऱ्या सीपीयूला दिला तर त्याला स्वतःचीच प्रत दिसणार, आणि भागाचा आकारही त्या नोंदीपुरता बांधलेला. लिनक्स ६.७ मध्ये ते आर्किटेक्चरच काढून टाकले गेले.

रिस्क-व्हीवर टीपी रजिस्टर चालू टास्ककडे बोट दाखवते, टास्कमध्ये सीपीयूचा क्रमांक असतो आणि त्या क्रमांकाने अंतराच्या ॲरेत पाहायचे. म्हणजे एका प्रतीसाठी दोन जादा लोड. प्रवेशाच्या वेळी एसस्क्रॅच आणि टीपी या रजिस्टरांची एका सूचनेत अदलाबदल होते. कर्नलमध्ये असताना एसस्क्रॅच शून्य ठेवतात, त्यामुळे आपण कुठून आलो ते लगेच कळते. धिस_सीपीयूच्या क्रियांसाठी रिस्क-व्हीने बराच काळ सर्वसाधारण आवृत्तीच वापरली, आणि ती आवृत्ती दरवेळी इंटरप्ट बंद करून पुन्हा चालू करते. वर म्हणालो ते हेच: तिथे पर-सीपीयू प्रतीतील ॲटॉमिक बेरीज त्याहून स्वस्त पडू शकते. बोर्ड हातात आला की मोजूनच ठरवा.

जुना खलाशी

आर्म६४ वर प्रीएम्प्शन बंद करणे म्हणजे एक गणक वाढवणे. तो गणकही एक्स८६ सारखा पर-सीपीयू ठेवला तर स्वस्त पडणार नाही का?

वडाची पारंबी

प्रश्न मार्मिक आहे, पण तिथे कोंबडी आधी की अंडे आधी असा पेच पडतो. एक्स८६ वर लिनक्स ३.१३ पासून प्रीएम्प्शनचा गणक पर-सीपीयू आहे, कारण तो एका सूचनेत वाढवता येतो. आर्म६४ वर पर-सीपीयू चल सुरक्षितपणे वाढवायचा तर आधी प्रीएम्प्शन बंद हवे, आणि प्रीएम्प्शन बंद करण्यासाठी तोच चल वाढवायचा! म्हणून तिथे गणक टास्कच्या थ्रेड_इन्फोमध्ये आहे. टास्क कुठल्याही सीपीयूवर गेले तरी ते थ्रेड_इन्फो आपल्याबरोबर नेते, त्यामुळे पत्ता काढणे आणि लिहिणे यांमध्ये हललो तरी पत्ता चुकत नाही.

किमतीचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो. एलएसईमध्ये बेरजेची दोन रूपे आहेत: जुना आकडा परत देणारे आणि न देणारे. काही रचनांवर परत न देणारे रूप सीपीयूच्या स्वतःच्या कॅशमध्ये न होता दूर, सामायिक पातळीवर पार पडते. खूप सीपीयू झगडत असलेल्या काउंटरसाठी ते चांगले, पण कायम आपल्याच कॅशमध्ये असणाऱ्या पर-सीपीयू काउंटरसाठी तोट्याचे. म्हणून २०२५ मध्ये आर्म६४ च्या पर-सीपीयू क्रिया परत देणाऱ्या रूपावर नेल्या गेल्या, मिळालेला आकडा वापरायचा नसला तरीही.

बारावी ओळ

धिस_सीपीयू_इंक, त्याचेच दोन अधोरेखांनी सुरू होणारे रूप आणि रॉ_सीपीयू_इंक यांतील फरक नवख्यांना छळतो, म्हणून लिहितो. पहिल्याला कोणतीच पूर्वअट नाही. दुसऱ्यात तुम्ही स्वतः प्रीएम्प्शन बंद केले आहे असे गृहीत धरलेले असते आणि डीबग_प्रीएम्प्ट हा तपासणीचा पर्याय चालू असेल तर कर्नल तशी खात्री करून ओरडतो. तिसऱ्यात तपासणीही नाही. आकडा थोडा चुकला तरी चालेल अशा आकडेवारीसाठीच ते आहे. इंटरप्टपासूनचे संरक्षण दुसऱ्या-तिसऱ्यात नाही. एक्स८६ वर तिन्हींची बहुधा तीच एक सूचना होते, त्यामुळे चुकीचे रूप निवडल्याचे त्या यंत्रावर कळतच नाही. नवा कोड लोड-स्टोअर यंत्रावर चालवून पाहिल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवू नये, असे मी आमच्या गटात वारंवार सांगतो.

तांबडी माती, तुमचा दोष डीबग_प्रीएम्प्टने पकडला नसता, कारण प्रीएम्प्शन खरोखरच बंद होते. केसीसॅन (कर्नलमधल्या डेटाच्या शर्यती शोधणारे साधन) वापरून पाहा. त्यात त्याच सीपीयूवरील इंटरप्टशी होणारी शर्यत पाहण्याचा वेगळा पर्याय आहे, तो चालू करावा लागतो.

तांबडी माती

धन्यवाद, तो पर्याय चालू करून जुना कोड तपासतो. दोन शंका उरल्या आहेत. पहिली: एका ग्राहकाचे जुने ३२-बिट आर्म यंत्रही आहे, तिथे ६४-बिट काउंटरचे काय? दुसरी: बेरीज करताना चालू सीपीयूंवर फिरावे की संभाव्य सीपीयूंवर?

बारावी ओळ

३२-बिट आर्मवर धिस_सीपीयू_ॲडची ६४-बिट आवृत्ती इंटरप्ट बंद करून काम करते, त्यामुळे लिहिणारा सुरक्षित आहे. वाचणारा मात्र दुसऱ्या सीपीयूवर असतो. त्याने वरचे ३२ बिट वाचल्यावर खालच्या भागातून हातचा वर गेला, तर त्याच्या हाती जुना वरचा आणि नवा खालचा भाग येईल आणि बेरीज एकदम चार अब्जांहून अधिक मागे गेलेली दिसेल. यासाठी नेटवर्क विभाग यू६४_स्टॅट्स_सिंक वापरतो. ३२-बिट यंत्रावर त्यात एक क्रमगणक असतो. लिहिणारा आधी आणि नंतर तो वाढवतो, आणि तो मध्येच बदललेला दिसला तर वाचणारा पुन्हा वाचतो. ६४-बिट यंत्रांवर हा गणक नाहीसा होतो, त्यामुळे तिथे त्याचा भुर्दंड पडत नाही.

इथे एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी. लिहिणारे दोघे एकमेकांच्या मध्ये शिरता कामा नयेत. तुमच्या पाठवण्याच्या मार्गाने क्रमगणक वाढवायला घेतला आणि मध्येच सॉफ्टआयआरक्यूने तोच वाढवला, तर एक वाढ हरवून गणक कायमचा विषम राहू शकतो आणि वाचणारा जन्मभर फिरत बसतो. म्हणून पाठवण्याच्या मार्गावर लोकल_बीएच_डिसेबल करा, किंवा स्वीकारणे आणि पाठवणे यांसाठी वेगवेगळे काउंटर आणि वेगवेगळे क्रमगणक ठेवा. मला दुसरा मार्ग अधिक पसंत आहे.

एवीतेवी पॅकेट आणि बाइट ही जोडी एकत्र बदललेली दिसावी अशी अपेक्षा असेल, तर दोन सुट्या धिस_सीपीयू_ॲडनी ती पुरी होत नाही, हेही लक्षात घ्या. ६४-बिट यंत्रावर यू६४_स्टॅट्सही तशी हमी देत नाही.

वडाची पारंबी

दुसऱ्या शंकेचे उत्तर: संभाव्य सीपीयूंवर फिरा. पर-सीपीयू जागा बूटच्या वेळी संभाव्य संख्येप्रमाणे घेतली जाते आणि सीपीयू ऑफलाइन गेला तरी ती परत केली जात नाही. त्याच्या प्रतीतले आकडे तसेच असतात. चालू सीपीयूंवरच फिरलात तर कुणी एक सीपीयू बंद करताच बेरीज घटेल, आणि आलेख पाहणाऱ्याला पॅकेट उलटे मोजल्याचा भास होईल. चालूंवरच फिरायचे असेल तर हॉटप्लगचा (सीपीयू चालू-बंद होताना बोलावला जाणारा) कॉलबॅक नोंदवून बंद होणाऱ्या सीपीयूचा आकडा दुसरीकडे जमा करावा लागतो. कर्नलमधला तयार परसीपीयू_काउंटर हेच करतो.

जुना खलाशी

मग थेट परसीपीयू_काउंटरच का वापरू नये? तयार आहे, तपासलेला आहे.

वडाची पारंबी

वापरता येईल, पण त्याचा हेतू वेगळा आहे. ज्याला एकूण आकडा वारंवार आणि स्वस्तात वाचायचा असतो, उदाहरणार्थ फाइलसिस्टमला उरलेले ब्लॉक, त्याच्यासाठी तो आहे. स्थानिक आकडा एका मर्यादेपर्यंत पोचला की तो लॉक घेऊन मुख्य आकड्यात ओतला जातो. ही मर्यादा ३२ आणि सीपीयूसंख्येच्या दुप्पट यांतील जी मोठी ती असते. २५६ सीपीयूंच्या यंत्रावर ती ५१२ होते, म्हणजे झटपट वाचलेला आकडा १,३१,०७२ पर्यंत चुकू शकतो. अचूक बेरीज हवी असेल तर तिथेही सगळ्या प्रतींवर फिरावेच लागते. शिवाय बाइट मोजताना एकेक पॅकेट हजार-दीड हजारांची भर घालणार, म्हणजे जवळजवळ प्रत्येक पॅकेटला मर्यादा ओलांडून लॉक घ्यावा लागेल. तांबडी माती यांचा काउंटर सतत लिहिला जातो आणि क्वचित वाचला जातो. त्यासाठी साधी पर-सीपीयू प्रतच योग्य.

शून्य पत्ता

धागाकर्त्यांनी रिअल-टाइम कर्नलचा विचार केला आहे का? प्रीएम्प्ट_आरटी ६.१२ पासून मुख्य कर्नलमध्ये एक्स८६, आर्म६४ आणि रिस्क-व्ही तिन्हींवर उपलब्ध आहे. गेट_सीपीयू_पीटीआर आणि पुट_सीपीयू_पीटीआर यांच्या मध्ये जर स्पिनलॉक (मोकळा होईपर्यंत न झोपता जागीच वाट पाहणारा लॉक) घेतलेला असेल, तर तिथे तो झोपू शकणारा लॉक होतो आणि प्रीएम्प्शन बंद असताना झोपणे निषिद्ध आहे.

तांबडी माती

काउंटरपाशी लॉक नाही, पण त्याच मॉड्यूलमध्ये पॅकेटांची एक पर-सीपीयू रांग आहे आणि तिथे असा लॉक आहे.

बारावी ओळ

ती रांग लोकल_लॉकवर न्या. ५.८ मध्ये तो आला. साध्या कर्नलवर तो प्रीएम्प्शन किंवा इंटरप्ट बंद करण्यापलीकडे काही करत नाही. आरटीवर तोच खरा पर-सीपीयू लॉक होतो आणि धारक टास्क त्या सीपीयूवरून हलत नाही. दुसरा लाभ असा की प्रीएम्प्शन नेमक्या कोणत्या डेटासाठी बंद केले आहे ते नावानिशी दिसते आणि लॉकडेपला (लॉकच्या वापरातल्या चुका शोधणाऱ्या साधनाला) तपासता येते. रांगेला सॉफ्टआयआरक्यूमधूनही हात लागत असेल तर लॉकचे साधे रूप पुरणार नाही; दोन्ही मार्गांवर इंटरप्ट जपून ठेवणारे लोकल_लॉक_आयआरक्यूसेव्ह वापरा. आरटीवर ते खरोखर इंटरप्ट बंद करत नाही, त्यामुळे आत घेतलेला स्पिनलॉकही तिथे चालतो.